ताईंच्या बाटल्या

वहिनीचे यजमान, दादा, गेले त्याला वर्ष होत आलं आणि घर सोडायचं ठरलं. ठरलं म्हणजे मुलाने ठरवलं. तो दुसऱ्या शहरात राहायचा, त्याला लहान मुलगी होती आणि सुनेची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती. आईने आता तिकडे यावं, असं तो फोनवर आधी सुचवायचा, मग आग्रह करायला लागला आणि शेवटी थेट तारखेवरच आला. वहिनीला नातीची ओढ होतीच. तीन जिने चढताना गुडघे कुरकुरायला लागले होते. एका तयार कपड्यांच्या दुकानासाठी ती घरबसल्या बाह्या आखूड करून द्यायची, कंबरा सैल करून द्यायची. तेही काम डोळ्यांपायी निम्म्यावर आलं होतं. जाणं सगळ्या बाजूंनी पटण्यासारखं होतं. अडचण एकच होती आणि ती मागच्या खोलीत राहत होती.

ती अडचण म्हणजे ताई. दादांची पाठची बहीण, वहिनीची नणंद. नात्याने वहिनी मोठी, वयाने ताई मोठ्या. त्यामुळे वहिनी त्यांना 'ताई, तुम्ही' म्हणायची, आणि ताई तिला वहिनी म्हणूनही अगंतुगं करायच्या. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ताई घरात होत्याच, आणि मग राहिल्याच. त्यांचं लग्न का झालं नाही याची घरात तीन वेगवेगळी कारणं सांगितली जात. त्या स्वतः चौथं सांगायच्या.

इमारतीत त्यांना बाटलीताई म्हणत. नव्याने राहायला आलेल्यांचा त्यामुळे भलताच समज व्हायचा. एका बिऱ्हाडातल्या आजीने तर वहिनीला जिन्यात गाठून, सोडवणारं औषध मिळतं हल्ली, गुपचूप भाजीत घालायचं, असंही सांगितलं होतं. दादांनी हा किस्सा पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला. ताईही हसायच्या.

बाटल्या होत्या त्या सेंटच्या. ताई दातांच्या दवाखान्यात कामाला होत्या. लोकांना नंबर द्यायचे, अवजारं उकळायची, डॉक्टरांच्या शेजारी ट्रे धरून उभं राहायचं. दिवसभर उघडी तोंडं बघायची. घरी आल्या की त्यांच्या केसांना लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास यायचा, कितीही धुतले तरी यायचा. रविवारी सुट्टी. रविवारी सकाळी त्या जुन्या बाजारात जायच्या. तिथे मेलेल्या माणसांच्या घरातलं सामान येतं. खुर्च्या, भांडी, चष्मे, आणि एखाद्या डब्यात कोणा बाईच्या आरशासमोरच्या वस्तू. पहिल्यांदा त्यांनी आणली ती एक निळी, घाटदार बाटली, तिला रबरी फुगा होता, तो दाबला की फवारा उडायचा. आत बोटभर सेंट शिल्लक होतं. मग पावडरच्या चपट्या डब्या आल्या, आत इवलासा आरसा आणि कापसाचा गोंडा असलेल्या. मग हातात धरायचे आरसे, कंगवे, ओठांना लावायच्या रंगाच्या पितळी नळ्या, आणि सेंट, सेंट, सेंट. कोणी भेट दिलेलं आणि कधीच न फोडलेलं सेंट ताईंना सगळ्यात प्रिय. त्या बाटलीचं बूच मेणाने बंद असायचं, गळ्याभोवती दोरा असायचा.

"वापरत का नाही एखादं?" असं वहिनीने नवी नवरी असताना विचारलं होतं.

"उघडलं की संपायला लागतं," ताई म्हणाल्या होत्या.

वहिनीला या प्रकाराचं कौतुक कधीच नव्हतं. परक्या बायकांची उष्टी पावडर घरात आणायची, हे तिला किळसवाणं वाटायचं. पण ताई पगारातला ठरलेला वाटा न चुकता घरात देत, कोणाच्या अध्यातमध्यात नसत, मुलाला अंघोळ घालण्यापासून सगळं करत. तेव्हा नाक मुरडायचं ते मनातल्या मनात.

सुरुवातीला हा सगळा पसारा पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात होता. मुलगा शाळेत जायला लागला, त्याला वह्यापुस्तकं ठेवायला जागा हवी झाली. वहिनीने दादांना सांगितलं, दादांनी ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, "चालेल की." एका दुपारी सगळ्यांनी मिळून बाटल्या मागच्या खोलीत नेल्या. ती ताईंची झोपायची खोली. तिथे एकच भिंत मोकळी होती. दादांनी तिच्यावर छतापर्यंत फळ्या ठोकून दिल्या आणि पुढे पडदाही लावला, ऊन लागू नये म्हणून. खाली तळमजल्यावर बेकरी होती आणि तिचं धुराडं त्याच भिंतीच्या पोटातून वर गच्चीपर्यंत जायचं. भिंत बारा महिने कोमट असायची. थंडीत हात लावून उभं राहायला छान वाटायचं. पावसाळी दिवसांत वहिनी मुलाचे मोजे तिथेच फळ्यांच्या कडेला वाळत टाकायची.

तर आता घर सोडायचं होतं. ताईंचं काय, हे वहिनीने मुलाला विचारलं नाही असं नाही. दोनदा विचारलं. मुलगा वाईट नव्हता. आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला होता. पहिल्यांदा तो म्हणाला, आई, दोन खोल्यांत किती माणसं मावतील, तूच सांग. दुसऱ्यांदा तो काहीच बोलला नाही, आणि ते वहिनीला जास्त लागलं. ताईंनीच मग तो विषय संपवला. दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरांच्या ओळखीने त्यांनी शहराबाहेरच्या एका आश्रमात, एकट्या बायकांसाठी चालवलेल्या, आपलं नाव घालून टाकलं. एक पलंग, एक कपाट, भिंतीतला एक कोनाडा. त्यांनी हे जेवता जेवता सांगितलं, आणि आमटीत मीठ कमी आहे असंही त्याच दमात सांगितलं.

वहिनीला त्या रात्री नीट झोप लागली नाही. आपण सुटलो असं वाटलं होतं, आणि तेच तिला बोचत होतं. आयुष्यभर ज्या बाईने घरातला निम्मा भार उचलला तिला एका पलंगावर सोडून आपण नातीकडे जाणार. काहीतरी करायला हवं होतं. काय करायचं ते तिला कपड्यांच्या दुकानाच्या मालकिणीकडून कळलं. शहरातल्या संग्रहालयात जुन्या कपड्यांचा आणि घरगुती वस्तूंचा एक विभाग नव्याने उघडणार होता, आणि ते लोक अशा वस्तू शोधत होते.

वहिनीने कोणाला न विचारता फोन लावला. तिकडची बाई फार आपुलकीने बोलली. एवढा मोठा संग्रह एका घरात आहे आणि बऱ्याच बाटल्या न उघडलेल्या आहेत, हे ऐकून तिचा आवाजच बदलला. वहिनीच्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं, दिवे आणि खाली पाटीवर ताईंचं नाव उभं राहिलं. ताई आश्रमात राहिल्या तरी बाटल्यांना चांगलं घर मिळेल. अधूनमधून ताई तिथे जाऊन बघू शकतील. लोक येऊन वाकून वाकून बघतील. असं काही झालं तर आपला पाय इथून निघेल, असं तिला वाटलं.

ताईंना तिने हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "कशाला त्रास त्या लोकांना."

वहिनीला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. तिने समजावलं. ताईंनी आधी धूळ पुसायला हवी म्हणून सांगितलं. धूळ तर त्या रोज संध्याकाळी पुसायच्या. मग म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात घराच्या किल्ल्या मालकाला द्यायच्या होत्या. मग म्हणाल्या, मोठ्या लोकांच्या मोठ्या वस्तू असतात संग्रहालयात, आपलं काय, जुन्या बाजारातला कचरा. वहिनी वैतागली. आजवर कोणी किंमत केली नाही म्हणून मनाला लावून घेतलं असेल, असा तिने अर्थ काढला. हट्टीपणा आहे, दुसरं काय. दादाही असेच होते, चांगलं चाललेलं दिसलं की पाऊल मागे घ्यायचे.

"मी बोलावलंय त्यांना," ती शेवटी म्हणाली. "आता नाही म्हणायचं बरं दिसत नाही."

"बरं," ताई म्हणाल्या. "येऊ दे."

संग्रहालयाची बाई सकाळी आली. चाळिशीच्या आतली, मानेपर्यंत केस, खांद्यावर मोठी पिशवी. तिने चहा नंतर घेते म्हणून सांगितलं आणि पांढरे सुती हातमोजे चढवले. वहिनीने स्वतः पडदा बाजूला केला. सगळ्या फळ्या एकदम दिसल्या तेव्हा ती बाई खरोखरच थबकली. तिच्या तोंडून हलकेच, वा, असं निघालं. वहिनीला, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या बाटल्यांचा अभिमान वाटला. ताई पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आपल्या दवाखान्यात पेशंट बसतात तशा.

बाईने एक एक बाटली उचलून खिडकीशी नेली. उजेडात धरली. तिरकी केली. पहिल्या तीनचार बाटल्यांपर्यंत ती बोलत होती. ही काच हाताने फुंकलेली आहे, हे लेबल आता सहसा बघायला मिळत नाही. मग तिचं बोलणं कमी झालं. वहिनीलाही दिसत होतं की आतलं सेंट गडद आहे, कडक चहासारखं, काहींत तर काकवीसारखं. पण ते तसंच असतं, अशी तिची समजूत होती. जितकं जुनं तितकं मुरलेलं.

"एक उघडून बघू का?" बाईने विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या.

"उघडा की," वहिनी म्हणाली. "ताई, बघायलाच बोलावलंय ना त्यांना."

 ताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाईने छोट्या सुरीने मेण कापलं, पण कापताना ते मेण तिने बोटात धरून जरा निरखलं. मग बूच फिरवून काढलं आणि बाटली नाकापासून हातभर लांब धरली. वहिनीपर्यंत वास आला तो शिरक्याचा, व्हिनेगरसारखा आंबट. त्यात नखांचा रंग काढायच्या औषधासारखं काहीतरी, आणि तळाशी जळकट गोडसरपणा. तो नाकाला झोंबला. बाईने बूच लावलं, दुसरी उघडली. मग चौथ्या फळीवरची, मग अगदी खालची. सगळ्यांतून तेच.

नंतर तिने आरशांचे आणि कंगव्यांचे डबे खाली घेतले. हस्तिदंतासारखे दिसणारे ते कंगवे खरं तर जुन्या काळच्या प्लॅस्टिकचे होते. एका डब्याचं झाकण काढलं तर आत कंगवा नव्हताच. तपकिरी, चिकट भुगा होता, आणि शेजारच्या पावडरच्या पितळी डब्या हिरव्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. बाईने डबा लगेच बंद केला. हे प्लॅस्टिक उष्णतेने सडतं, आणि सडताना जी वाफ सोडतं ती आजूबाजूचा धातू खाते, असं तिने हळू आवाजात सांगितलं.

मग तिने एक हातमोजा काढला आणि फळ्यांच्या मधून भिंतीला तळवा लावला.

"ही भिंत कायम अशीच असते?"

"हो ना," वहिनी उत्साहाने म्हणाली. "खाली बेकरी आहे. रोज पहाटेपासून भट्टी चालू. थंडीत इतकं बरं पडतं म्हणून सांगू, आम्ही तर इथेच सगळे—"

वाक्य तिथेच राहिलं. बाई तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दोष वगैरे काही नव्हता, होती ती कीव. वहिनी एकदा भिंतीकडे, एकदा फळ्यांकडे बघत राहिली. दादांनी ठोकलेले खिळे दिसत होते. ताई अजून खिडकीबाहेरच बघत होत्या.

बाई चहा न घेताच निघाली. काही नेता येणार नाही, म्हणाली. सडलेल्या वस्तू बाकीच्या संग्रहाजवळ ठेवता येत नाहीत, आणि बाटल्यांत आता जे आहे त्याला सेंट म्हणता येणार नाही. नुसती काच म्हणाल तर त्या बहुतेक कारखान्यात हजारोंनी बनलेल्या. तिने एका लेबलाचा फोटो तेवढा घेतला, बहुधा ताईंना बरं वाटावं म्हणून. वहिनी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली. तिथे बाई थांबली.

"मेण नवं होतं," ती म्हणाली. "साध्या मेणबत्तीचं. त्या बाटल्या आधी कोणीतरी उघडून पुन्हा बंद केल्यात. तुमच्या नणंदबाईंना हे ठाऊक असणार."

वहिनी परत आली तेव्हा ताईंनी पडदा ओढून घेतला होता आणि त्या स्वयंपाकघरात चहाचं आधण उतरवत होत्या. तिघींसाठी ठेवलेला चहा त्यांनी दोघींच्या कपांत ओतला, कप काठोकाठ भरले. दोघी टेबलाशी बसल्या.  वहिनी एकदम बोलली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पोराच्या लग्नात," ताई म्हणाल्या. "म्हटलं, आपल्या घरातलं एकच लग्न. आज एक उघडायला हरकत नाही. उघडली तर ही अशी. मग दुसरी उघडली. मग तुम्ही सगळे हॉलवर गेलात, मी मागून येते म्हटलं होतं बघ, तेव्हा बऱ्याच उघडल्या."

वहिनीला ते आठवलं. ताई लग्नाला उशिरा पोचल्या होत्या आणि आपण त्यावरून सगळ्यांसमोर बोललो होतो.

"भिंतीमुळे, हेही कळलं होतं?"

"ते कळायला काय लागतं? मी तिथे झोपते ना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

ताईंनी कप खाली ठेवला. "सांगून काय झालं असतं, वहिनी? तू दादाला बोलली असतीस. दादाने भिंतीवर पत्रा नाहीतर काहीतरी मारलं असतं, दोन दिवस ठोकठोक. तू रडली असतीस. आणि खोली तर तीच राहिली असती. दुसरी होती कुठे?"

"पण त्यानंतरही तुम्ही आणत होतात. दादांचं आजारपण चालू होतं तेव्हासुद्धा आणलीत. त्याच फळीवर ठेवलीत."

"हो."

"का?"

यावर ताईंनी जरा विचार केला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, लपवाछपवी नव्हती. उत्तर खरंच शोधावं लागलं असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

"रविवारी बाजारात जायचं असायचं," त्या म्हणाल्या. "आणि गेलं की रिकाम्या हाताने परत येववत नाही."

वहिनीने माफी मागायचं ठरवलं होतं. तिने तोंड उघडलंही. पण ताई उठल्या, दोन्ही कप घेतले आणि नळाखाली धरले. पाण्याच्या आवाजात ती काय बोलली ते त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही, आणि वहिनीने पुन्हा म्हटलं नाही.

आवराआवरीला आठवडाभर लागला. भरलेल्या बाटल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आत स्पिरिट असतं, पेट घेतं, असं कचरा उचलणाऱ्या माणसाने बजावलं होतं. म्हणून दोघी न्हाणीघरात पाटांवर बसून, बंब बंद ठेवून, एक एक बाटली मोरीत ओतत होत्या. ताई बूच काढायच्या आणि बाटली वहिनीकडे द्यायच्या. वहिनी ती नाकाशी नेऊन हुंगायची आणि मग पालथी करायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. एखादी तरी निघेल, फळीच्या टोकाची, भिंतीपासून लांबची, वरच्या रांगेतली, असं तिला वाटत होतं. एक निघाली असती तर तिने ती स्वतःच्या ट्रंकेत घालून नेली असती, रोज पुसली असती. तिचं डोकं दुखायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले, तरी ती हुंगत राहिली. ताईंनी एकही बाटली नाकाजवळ नेली नाही.

"सोड गं," त्या एकदा म्हणाल्या. "उगाच उलटी होईल तुला."

दुसऱ्या दिवशी इमारतीत बोभाटा झाला. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन आले की जिन्यात उभं राहवत नाही. बेकरीवाल्याने निरोप पाठवला की पावाला वास लागतोय, गिऱ्हाइकं परत करताहेत, काय चाललंय ते लवकर उरका. ताईंनी त्याला खाली जाऊन सांगितलं की आजचा दिवस, मग कायमचंच उरकतंय. तो ओशाळला आणि त्याने रिकाम्या बाटल्या न्यायला आपली चार खोकी वर पाठवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या संपल्या. चांगली एकही निघाली नाही.

कंगव्यांचे डबे ताईंनी न उघडता कचरा उचलणाऱ्याला दिले. पावडरच्या डब्यांपैकी दोनचार घासून पुसून नीट झाल्या असत्या. वहिनीने त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. सकाळी बघितलं तर ताईंनी त्याही खोक्यात घातल्या होत्या. फळ्या तेवढ्या भिंतीवर तशाच राहिल्या. घरमालक म्हणाला, राहू देत, पुढच्या भाडेकरूला उपयोगी पडतील.

मुलगा गाडी घेऊन आला. आधी ताईंना आश्रमात सोडायचं आणि मग पुढे जायचं असं ठरलं होतं. वाटेत तो आत्याशी सारखा बोलत होता, लहानपणच्या गोष्टी काढत होता, आणि ताई त्याला साथ देत होत्या, हसतही होत्या. आश्रमाच्या दारात त्याने त्यांची बॅग उतरवली, आणि एकदम त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडला. ताईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. मग आपला रुमाल काढून दिला. वहिनी गाडीतून उतरली. तिने पलंग बघितला, गादी दाबून बघितली, कपाटाची कडी लागते का बघितलं.  ताई म्हणाल्या, उशीर करू नका, अंधार पडायच्या आत पोचा.

मुलाकडे वहिनीचे दिवस भराभर गेले. नात अंगाला चिकटली. दर रविवारी ती ताईंना फोन करायची. आधी बोलणं बरंच व्हायचं. शेजारच्या पलंगावरची बाई घोरते, जेवण आळणी असतं, इथल्या निम्म्या बायकांच्या कवळ्या नीट बसत नाहीत आणि त्या मला दाखवायला येतात. मग बोलणं कमी झालं. ताई हूं हूं करायच्या. फोन ठेवायच्या आधी त्या नेहमी म्हणत, "बिल वाढेल तुझं," आणि वहिनीने किती वेळा सांगितलं की हल्ली तसं काही वाढत नाही, तरी म्हणत.

थंडी सरताना वहिनी एकदा एकटीच बसने भेटायला गेली. निघायच्या आदल्या दिवशी ती सुनेबरोबर मोठ्या दुकानात गेली होती. तिथली मुलगी कागदाच्या पट्ट्यांवर सेंटचे फवारे उडवून एकेक पट्टी वहिनीच्या नाकाशी धरत होती. चारपाच पट्ट्यांनंतर वहिनीला काही कळेनासं झालं, सगळ्यांमागून तिला तो शिरक्याचाच वास येत होता. शेवटी सुनेने निवडून दिलं. नवंकोरं, चांगल्यापैकी महाग, चकचकीत खोक्यातलं.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. केस कोणीतरी आखूड कापले होते. वहिनीने केस हुंगावेत एवढ्या जवळ वाकून त्यांना मिठी मारली. लवंगेच्या तेलाचा वास गेलेला होता. फरशी पुसायच्या औषधाचा येत होता, जो सगळ्या इमारतीलाच येत होता. तिने खोकं त्यांच्या हातात ठेवलं. ताईंनी ते लांब धरून वरचं नाव वाचलं, बाटली बाहेर काढली, उजेडात धरली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "रंग किती स्वच्छ आहे."

"वापरायला आणलंय," वहिनी म्हणाली. "ठेवायला नाही. रोज लावा. संपलं की मी दुसरं आणीन."

तेवढ्यात चादरी बदलणारी बाई आली. ताईंनी तिला हाक मारली, बाटली खोक्यात घातली आणि खोकं तिच्या हातात दिलं. "तुझ्या मुलीची नोकरी लागली ना," त्या म्हणाल्या. "हे तिला दे. या माझ्या वहिनीने आणलंय."

ती बाई गोंधळली, वहिनीकडे बघायला लागली. वहिनीला मान हलवावी लागली.

बाई गेल्यावर ताई म्हणाल्या, "रागावू नकोस."

"मी तुमच्यासाठी आणलं होतं."

"माहीत आहे गं. पण आता पुन्हा कशाकडे लक्ष ठेवत बसायचं माझ्याने होत नाही." त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि त्यावरच्या शिरा बघत राहिल्या. "चांगलं काय, वाईट काय, काहीच नको वाटतं."

वहिनीने त्यांना मुलाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, नातीचे फोटो दाखवले. ताईंनी सगळे फोटो बघितले आणि पहिला पुन्हा मागून घेतला. नात कोणासारखी दिसते यावर दोघींचं थोडं बोलणं झालं. वहिनी म्हणत होती दादांसारखी, ताई म्हणाल्या नाही, तुझ्यासारखी, कपाळ बघ. मग जेवणाची घंटा झाली. ताई खुर्चीच्या हातांना धरून उठल्या.

"तू नीघ. गाडी चुकेल."

"पुढची आहे अजून."

"नीघ तरी," ताई म्हणाल्या. "रांगेत उशिरा गेलं की गार मिळतं."

दारापर्यंत दोघी बरोबर आल्या. तिथून ताई डावीकडे वळल्या, बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, आणि पुढच्या बाईने काहीतरी विचारलं त्याला उत्तर देत राहिल्या. वहिनी थोडा वेळ थांबली. मग थांब्यावर येऊन बाकड्यावर बसली. बस यायला बराच अवकाश होता.

मुलाने संध्याकाळी विचारलं, आत्या कशी आहे. बरी आहे, असं ती म्हणाली. पुढच्या वेळी आपण सगळेच जाऊ या, तो म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला.

त्यानंतर दोनदा जायचं ठरलं. एकदा नातीला ताप आला. दुसऱ्यांदा तसं काहीच झालं नव्हतं, नुसतं राहून गेलं.